लिनक्समध्ये तू बांधून ठेवलेली खोली

हनुमंता,

तू शेवटचा जो प्रश्न मला विचारलास त्याचं उत्तर मला येत होतं. तुझ्या टेबलावरून मान वळवून तू म्हणालास, "दिलपा, कऱ्हा नदीतला तो चंद्रकोरीसारखा र आपल्या मशीनवर कुठल्या बोटाला यायचा रं?" माझ्यासमोर एका वास्तुशांतीची पत्रिका होती. मागे गिऱ्हाईक उभं होतं. असले प्रश्न ऐकून ऐकून मी आधीच वैतागलेलो. मी म्हणालो, "हणम्या, डोकं खाऊ नको. कामं पडल्यात हितं."

तू हसलास. "बरं बाबा. सवड झाली की सांग," म्हणालास आणि परत तुझ्या स्क्रीनकडे वळलास.

संध्याकाळी शटर ओढताना आपण दुसरंच काहीतरी बोललो, उजनीच्या पाण्याचं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कळसला तू गोठ्यातून आलास, ओट्यावर टेकलास आणि पुन्हा उठला नाहीस.

भेटायला येणारे मला विचारतात, तुमची जोडी कधीपासूनची. मी सांगतो, बारामतीच्या टायपिंग क्लासपासूनची. तू कळसहून एसटीने यायचास, मी मोरगावहून. मास्तरांनी मशीनच्या बटणांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलेलं असायचं, म्हणजे बघून मारता येऊ नये. त्या झाकणाखाली माझी बोटं पळायची आणि तुझी चिखलातून चालल्यासारखी चालायची. मराठीच्या परीक्षेत मी पास झालो, तू आपटलास. निकालाच्या दिवशी तू मला भेळ दिलीस आणि म्हणालास, "तुझी बोटं, माझं डोकं. दुकान टाकू." पुढे इंदापुरात स्टँडजवळ खरंच दुकान टाकलं. टायपिंग माझं, डिझाईन तुझं. कारखान्याची निवडणूक लागली की एका पॅनेलची पत्रकं तू करायचास, दुसऱ्याची मी, आणि दुपारी दोन्ही पॅनेलं एकाच डब्यात जेवायची.

माझ्या बोटांचा मला गर्व होता. हे तुला माहीत होतं. तू तो कधी दुखावला नाहीस, म्हणून मला कधी दिसला नाही.

मग ते लिनक्स आलं, काँप्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं. बारामतीच्या एका कॉलेजात कार्यशाळेचा फ्लेक्स लावायला तू गेला होतास. फ्लेक्स बांधून झाला, तर नाश्ता होता म्हणून शेवटच्या रांगेत बसलास. आलास तो खिशात पेनड्राईव्ह आणि तोंडावर पोरगा झाल्यासारखा आनंद घेऊन. आपल्याकडे तेव्हा तो जुना काँप्युटर बंद पडून कोपऱ्यात धूळ खात होता. गिऱ्हाइकांच्या पेनड्राईव्हमधून आलेल्या व्हायरसांनी त्याचा जीव घेतला होता. दुरुस्तीवाला भंगारात द्या म्हणून गेला होता.

तू त्याला तो पेनड्राईव्ह लावलास. मी ओरडलो, "आरं, आत फायली हायत!"

"काय पुसत न्हाय. आधी नुसतं चालवून बघायचं. पसंत पडलं तर ठिवायचं, न्हाय तर काढून घ्यायचं. स्थळ बघितल्यासारखं."

आणि तो मेलेला काँप्युटर उठला. पेनड्राईव्हच्या जिवावर चालू लागला. रंगीत स्क्रीन आली, खिडक्या उघडल्या, तू गाणं लावलंस, मला लिहून दाखवलंस. पेनड्राईव्ह काढून पुन्हा चालू केला, तर तो होता तसाच बंद, भंगारातला. पुन्हा लावला, पुन्हा उठला. मी थक्क झालो होतो, हनुमंता. पण तुला दिसू दिलं नाही. मी म्हणालो, "दोन दिवस चाललं तर खरं." आज सांगतो, त्या दुपारी घरी जाताना मी स्टँडवर उगाच थोडा वेळ बसलो होतो. एवढं मोठं यंत्र बोटाएवढ्या पेनड्राईव्हमध्ये मावतं आणि कोणीतरी ते असंच देऊन टाकतं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तू ते तुझ्या स्वतःच्या काँप्युटरमध्ये कायमचं घातलंस. घालताना ते विचारत होतं, सगळी डिस्क वापरू का? तू आनंदाच्या भरात हो म्हणालास. सगळी डिस्क म्हणजे खरंच सगळी. तुझे सगळे फ्लेक्स गेले. तू कपाळाला हात लावून बसलास आणि मग हसायलाच लागलास. "दिलपा, आख्ख्या इंदापूर तालुक्याचे वाढदिवस पुसले गेले. आता समदी मानसं पुन्हा जन्माला घालायची." तेव्हापासून तू दुसऱ्या कोणाला लिनक्स द्यायला गेलास की पहिलं वाक्य तेच असायचं, आधी फायली दुसरीकडं काढून ठेवा. आणि मी मागून ओरडायचो, "ह्यानं तालुका पुसलाय, सांभाळून!" गिऱ्हाईक हसायचं. तूही हसायचास. तुझ्या जागी मी असतो तर हसलो नसतो.

आपला वाद फुकट या शब्दावरून सुरू झाला. मी म्हणायचो, फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असते. तू म्हणायचास, "फुकट न्हाय म्हणायचं. मोकळं म्हणायचं. दावं सोडल्यालं."

"पण हे करतंय कोण? त्यांना काय मिळतं?"

तू स्टुलावर मांडी घालून बसलास. "आबांच्या इर्जिकीला तू आला हुतास का न्हाय?"

आलो होतो. टायपिंगच्याच दिवसांत. तुझ्या वडिलांचा एक बैल आजारी पडला होता आणि पेरणी मागे राहिली होती. सकाळी मी तुमच्या वस्तीवर डोळे चोळत बाहेर आलो, तर चारी बाजूंनी माणसं आपापली बैलं आणि पाभरी घेऊन बांधावरून येत होती. मजुरी कोणाला द्यायची नव्हती. दुपारपर्यंत सगळं रान पेरून झालं. तुझ्या आईने सगळ्यांना पोळी आणि गुळवणी वाढली, मलाही वाढली, आणि मी नुसतं बघत होतो तरी पोट भरून जेवलो. आबा म्हणाले होते, "आज ही आली, उद्या ज्याचं नडंल तितं मी जानार." एवढाच त्याचा कायदा.

"तसंच हे," तू म्हणालास आणि एका प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांची नावं उघडलीस. तू बोटाने सरकवत राहिलास, नावं संपेनात. अर्धी तर उच्चारताही येत नव्हती. "ही बघ इर्जिकीला आल्याली मानसं. कुनी रंग केलाय, कुनी अक्षर केलंय, कुनी नुसतं कुठं अडतंय ते सांगितलंय."

"इर्जिकीला गुळवणी असते. ह्यांना काय घालतोस?"

"तेच तर मला कळंना. जेवायलाच मागत न्हाईत."

"आणि उद्या ही माणसं यायची बंद झाली म्हणजे?"

"मग आपण जायचं."

"आपण? आपल्याला काय येतंय त्यातलं?"

तू स्टुलावरून उठून कामाला लागलास. मला वाटलं, मी जिंकलो. तो वाद तिथेच थांबला तो थांबलाच.

मला माझ्या टेबलावर ते नको होतं आणि त्यासाठी माझ्याकडे पक्कं कारण होतं. टाइपरायटरवर 'कि' काढायचा तर आधी वेलांटी मारायची आणि मग क. माझी बोटं तशीच शिकली, त्यांनी तसंच पोट भरलं. नव्या पद्धतीत आधी अक्षर, मग वेलांटी. मी म्हणायचो, "उजव्या हातानं जेवणाऱ्याला डाव्यानं जेव म्हणतोस व्हय?" माझ्या मशीनवर जुना फाँट होता, कुठूनतरी कॉपी करून आणलेला, कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरवर चालणारा. तो टाइपरायटरसारखाच चालायचा. तू म्हणायचास, "तुझं चोरीचं, माझं मोकळं." मी म्हणायचो, "माझ्या चोरीच्यात वेलांटी येते."

खरं कारण वेगळं होतं. ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. या वयात मला पुन्हा त्या पुठ्ठ्याच्या झाकणाखाली हात घालायचा नव्हता. चाचपडायचं नव्हतं. आणि तुझ्यासमोर तर मुळीच नाही, कारण टायपिंगमध्ये तू माझ्या मागे होतास. तुझ्याकडून शिकायचं म्हणजे आपल्या जागा बदलायच्या. ते मला सोसलं नसतं.

तू जोर केला नाहीस. तू फक्त प्रश्न विचारायला लागलास. "ज्ञ कुठं मारतोस?" "ळ ला शिफ्ट लागतंय का?" "क्ष अर्धा काढताना आधी काय?" कधी माझ्या खांद्याशी उभा राहून माझी बोटं बघायचास. चहा प्यायचा सोडून बघायचास. मला वाटायचं, आता म्हातारपणी नापास झालेली परीक्षा देतोय. एकदा मी तसं म्हणालोही, चारचौघांत. तू म्हणालास, "व्हय, दिलपा. तुझाच पेपर सोडवतोय."

आणि मधूनच म्हणायचास, "तुझी खोली बांधून ठिवलीय मी माझ्या मशीनमदी. कवाबी ये ऱ्हायला." लिनक्समध्ये एकाच काँप्युटरवर प्रत्येकाचं वेगळं घर असतं, त्याला ते घरच म्हणतात, हे तू मला सांगितलं होतंस. मी म्हणायचो, "भाडं किती?" सगळे हसायचे. मी कधी येऊन बघितलं नाही. दोन टेबलांच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट होती.

तू गेल्यावर दशक्रियेचा फ्लेक्स करायची वेळ आली. गावाकडच्या पद्धतीने कळसच्या फाट्यावर लावायचा होता. शौकतभाई, ज्यांच्या मशीनवर आपले सगळे फ्लेक्स छापले जातात, ते डोळे पुसत म्हणाले, "दिलीपराव, तुमी काय बी करू नका. माझ्याकडं तयार साचा हाय, हार, समई, समदं. नुसता फोटो द्या." मला ते बरं वाटलं. पण आदल्या दिवशी सकाळी शोभावहिनी दुकानाची दुसरी किल्ली घेऊन इंदापूरला आल्या.

"तयार साच्यातला नको, भावजी," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या समया लावल्या त्यांनी. स्वतःला दुसऱ्याची समई लावली तर उठून बसतील. त्यांच्याच मशीनवर करा. तुमीच करा."

मी नाही कसं म्हणणार? मी मजकूर माझ्या मशीनवर टाइप केला, नेहमीसारखा, पटापट. पेनड्राईव्हमध्ये घेतला आणि तुझ्या खुर्चीत जाऊन बसलो. उशी तुझ्या बसण्याने एका बाजूला दबलेली होती. काँप्युटर चालू केला. स्क्रीनवर नावं आली. एक हनुमंत. आणि त्याच्या शेजारी दिलीप.

थट्टा नव्हती ती.

मी माझ्या नावावर दाबलं. पासवर्ड मागितला नाही. आत सगळं मराठीत होतं आणि अक्षरं मोठी होती. तुझ्या टेबलावरचं बारीक अक्षर मला चष्म्यातूनही दिसत नाही म्हणून मी कधीतरी कुरकुरलो असेन. समोर एकच फोल्डर होतं, त्याचं नाव 'दुकान'. त्यात आपले सगळे फोटो, सगळे फ्लेक्स. पुसलेला तालुका तू पुन्हा जन्माला घातला होतास. मी माझा पेनड्राईव्ह लावला आणि फाईल उघडली. तुझ्या नावाच्या जागी तुटकी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस आले.

वहिनी मागे उभ्या होत्या. "ह्यांचं नाव कुठं हाय ह्यात?"

"हेच हाय, वहिनी. माझ्या मशीनवर वाचता येतं. माझा फाँट वेगळा."

त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "म्हंजी तुमचं मशीन बंद पडलं की नाव बी गेलं?"

इतकी वर्षं मी लोकांची नावं लिहिली, पत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, वर्षश्राद्धाच्या कार्डांवर. ती सगळी एका चोरीच्या फाँटच्या भरवशावर होती, आणि माझ्या टेबलावरून उठून दोन पावलं चाललं की त्यांची अशी रद्दी होत होती. हे तू मला किती प्रकारे सांगितलं होतंस!

नव्याने टाइप करण्यावाचून इलाज नव्हता. डिझाईनचा प्रोग्रॅम उघडला. हात बटणांवर ठेवले. आता कचरा येणार, वहिनींसमोर मी चाचपडणार, अशी भीती होती. फ्लेक्सच्या तळाला येतं तेच आधी मारलं, कारण ते सर्वांत सोपं. 'मित्रपरिवार'. बोटांनी सवयीने आधी वेलांटी मारली. वेलांटी थांबली. मी म मारला, आणि ती आपोआप त्याच्या अंगाला येऊन बसली. जशी टाइपरायटरवर बसायची तशी. मग 'त्र' जिथे असतो तिथे 'त्र' होता. ज्ञ जिथे तिथे ज्ञ. ळ, क्ष, अर्धा श, सगळे आपापल्या जागी. बारामतीच्या त्या क्लासमधलं आपलं मशीन, पुठ्ठ्याच्या झाकणासकट, तू या यंत्रात उचलून आणलं होतंस. मी खाली न बघता टाइप करत गेलो आणि मराठी येत गेली. मला दिसेनासं झालं तरी येत राहिली.

"चालतंय का?" वहिनींनी विचारलं.

"चालतंय."

"मग बाई खरी हुती म्हनायची," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. "अवो, ह्यांचं मोबाईलवर कुना परदेशातल्या बाईशी इंग्रजीत चालायचं. मी म्हनलं, ह्या वयात काय काढलंय? मोबाईल हातातनं घेतला, लेकीकडनं वाचून घेतला. तर काय! समदं तुमच्या बोटांबद्दल. दिलीपचं हे बोट इकडं जातं, ते बोट तिकडं जातं. मी म्हनलं, बाईमानसाशी बोलायला तुमाला दुसरा इषय मिळंना व्हय?"

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

म्हणजे ते प्रश्न त्यासाठी होते. बाकीचं नंतर तुझ्या मोबाईलवर वाचून कळलं. लिनक्समध्ये टाइपरायटरसारखा कीबोर्ड होता, पण तो आपल्या मशीनसारखा नव्हता. काही अक्षरं भलतीकडे, काही नाहीतच. ज्याने तो केला त्याला मराठी येत नसावी, जेवढं कळलं तेवढं त्याने पेरलं. तू एकेक अक्षर मला विचारायचास, लिनक्सच्या इर्जिकीतल्याच त्या बाईंना मोडक्या इंग्रजीत कळवायचास, त्या तिकडे बदल करायच्या, तू इकडे तपासायचास. त्या बाईंना मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तुझी बोटं तर टायपिंगच्या परीक्षेत आपटलेली. तुम्ही दोघांनी मिळून माझी बोटं तिथे नेली. जगभरची इर्जिक माझ्या रानात आली होती, हनुमंता, आणि मी बांधावर उभा राहून माणसांना म्हणत होतो, डोकं खाऊ नका.

मजकूर जवळजवळ झाला. 'साऱ्यांना आपलं मानणारा' असं लिहायचं होतं. तू तसाच होतास, दुसरा शब्द नव्हता. सा मारला आणि बोट पुढच्या अक्षराला गेलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा मारलं. जागा रिकामी.

चंद्रकोरीसारखा र. मी सांगितला नव्हता तो.

बाकी सगळ्या अक्षरांच्या वेळी मी कुरकुरत का होईना, उत्तर दिलं होतं. हे एकच राहिलं. हिंदीत तो र नाही, इंग्रजीत नाही, त्या बाईंना तो नाही हे कळायचंही कारण नव्हतं. तो शेतकऱ्यात आहे, कऱ्हेत आहे, साऱ्यांत आहे. तो नाही हे आपल्याच माणसाला कळणार. 'आपल्याला काय येतंय त्यातलं' असं मी तुला विचारलं होतं. एवढं येत होतं.

त्या दिवशी मी 'दुकान' फोल्डरमधला तुझा एक जुना फ्लेक्स उघडला, शेतकरी मेळाव्याचा, तू नव्या पद्धतीने टाइप केलेला, आणि त्यातल्या 'शेतकऱ्यांना' मधून तो र उचलून तुझ्या नावाखाली आणून चिकटवला. शौकतभाईंनी फ्लेक्स छापून चौकटीवर ताणला, लांबून बघितला आणि म्हणाले, "हनमंतरावानं केल्यावानीच दिसतंय." मी म्हणालो, "त्यानंच केलाय."

दशक्रियेला सगळे आले. दोन्ही पॅनेलचे पुढारी आले आणि दोघांनीही तुला आपला कार्यकर्ता म्हणून श्रद्धांजली वाहिली. तू असतास तर माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंस. पिंड ठेवला तेव्हा मी मनात सगळं जुळवून उभा होतो. कावळा अडून बसला की माणसं पुढे होऊन गेलेल्याला काही कबूल करतात, पोरांचं बघू, जमिनीचं बघू. मला माझं कबूल करायचं होतं. पण कावळा आला आणि लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानाने गेला. मला वाईट वाटलं. कोणी काही मागितलंच नाही. तूही जेवायला मागणाऱ्यांतला नव्हतास.

मग वहिनींनी तुझा मोबाईल उघडून माझ्या हातात दिला. त्या बाईंचा निरोप येऊन पडला होता. घाई नाही, तुमच्या मित्राला सवड मिळाली की तेवढं एक अक्षर कळवा. म्हणजे माझा उद्धटपणा तू सवड या शब्दात गुंडाळून तिकडे पोचवला होतास. मी डिक्शनरी घेऊन बसलो. आधी लिहिलं की तू गेलास. मग लिहिलं की मी तो मित्र. मग त्या अक्षराची जागा लिहिली. उत्तर आलं ते असं, की त्यांना तुझ्याबद्दल फार दुःख झालं, की माझं नाव त्यांना नीट उच्चारता येणार नाही, पण माझ्या हाताची सगळी बोटं त्या ओळखतात. सोबत दुरुस्ती पाठवली होती, तपासून बघायला. ती पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. मी विचारलं, आम्ही तुमचं काय देणं लागतो? त्यांनी लिहिलं, अजून कुठे अडत असेल तर सांगा.

आबांचा कायदा त्यांना कोणी सांगितला असेल?

परवा मी बारामतीला गेलो होतो. कचेरीजवळ अर्ज टाइप करून देणाऱ्या एक बाई बसतात, आपल्याच पद्धतीच्या टायपिंगच्या. त्यांचा जुना काँप्युटर सारखा अडतो. मी खिशातून पेनड्राईव्ह काढला. त्या घाबरून म्हणाल्या, "आवो, माझ्या फायली जातील." मी म्हणालो, "काही पुसत नाही. आधी नुसतं चालवून बघायचं." आवाज माझाच होता, पण बोलणं तुझं. त्यांनी विचारलं, "फुकट हाय?" मी म्हणालो, "मोकळं आहे." त्यांनी बटणांवर हात ठेवले, खाली न बघता एक ओळ मारली, आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिल्या. मला तुझा तो कॉलेजातून आल्यावरचा चेहरा आठवला. माझाही तेव्हा असाच झाला असणार. मीच तो लपवला.

हे सगळं मी तू बांधलेल्या खोलीत बसून लिहितो आहे. अगदी वरती, सुरुवातीला, कऱ्हा नदी आली आहे. ती कुठून उचलून चिकटवलेली नाही.

मला सवड झाली, हनुमंता. उजव्या हाताची करंगळी. शिफ्ट दाबून.